आधी निरवानिरव, मग झोप

दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी काढायची असली, तरी आमचे सर आधी सगळ्याची निरवानिरव करत. पेनाला टोपण लावत, अडकित्ता मिटून सुपारीच्या डबीत ठेवत, चष्मा त्याच्या घरात घालत आणि जवळ जो कोणी असेल त्याला सांगत, की पाण्याची मोटर बंद आहे, तबल्याच्या खोलीची किल्ली खिळ्यावर आहे आणि पोस्टमन आला तर सही तुम्हीच करा. नवख्याला वाटावं, माणूस काशीयात्रेला निघाला आहे. एवढं झालं की डोळे मिटत आणि लगेच घोरू लागत. इतकं निश्चिंत घोरणं मी पुन्हा कुणाचं ऐकलेलं नाही.

उठण्याची तऱ्हा त्याहून वरताण. डोळे उघडले तरी सर जागचे हलत नसत. पहिला प्रश्न ठरलेला : "मधल्या वेळात काय काय बदललं?" त्याचं उत्तर मिळेपर्यंत चष्म्याला हात लावायचा नाही. आता ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात, दुपारी, झाडाचं पान हलत नाही तिथे बदलणार काय? पण "काही नाही" हे उत्तर त्यांना चालत नसे. काही तरी बदललेलंच असतं, फक्त तुमचं लक्ष नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, वैतागून सांगितलं, "राज्य बदललं. चहा घ्या." सर गंभीरपणे म्हणाले, "कितव्यांदा?" आणि मग चहा घेतला.

त्यांना 'निरवानिरव सर' हे नाव मीच दिलं. आमच्या संगीत विद्यालयातल्या मुलांना शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, ती घरी हिंदी बोलणारी, त्यांनी त्याचं 'निरवा सर' करून टाकलं आणि ते आडनावच असावं असं धरून चालली. पुढे तर एका पालकाकडून लग्नाची पत्रिका आली, तिच्यावर 'श्री. निरवाजी, सपरिवार' असं सुरेख अक्षरात छापलेलं होतं. सरांनी ती पत्रिका कपाटाच्या काचेआड लावून ठेवली. माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं, पण ते खूश होते.

सर संगीतातले नव्हेत. पॉलिटेक्निकमध्ये वीज शिकवून निवृत्त झाले होते. पणजोबा दख्खनेतून दरबाराचं दप्तर सांभाळायला आले, तेव्हापासून घराण्यात कागद नीट ठेवण्याची सवय, आणि आपण कागद नीट ठेवतो याचा गर्वही. आवाज मात्र देवानं असा दिला होता, की त्यांनी 'सा' लावला तर शेजारच्या गल्लीतला कुत्रा उत्तर देई. तरुणपणी ते आमच्या माईंकडे गाणं शिकायला गेले होते. माई म्हणजे ग्वाल्हेरच्या निम्म्या गाणाऱ्या मुलींच्या गुरू. त्यांनी पंधरवडाभर सोसलं आणि मग म्हणाल्या, "तुम्ही ऐका. ऐकणारा पण लागतो न कोणी." सरांनी हे आयुष्यभराचं काम म्हणून स्वीकारलं. संगीत विद्यालयात फुकट काम करायला येत ते त्याच हक्कानं.

आमचं विद्यालय लष्करातलं. पुण्याच्या पाहुण्यांना दर वेळी सांगावं लागतं, की लष्कर म्हणजे फौज नव्हे, आमच्या शहराचा जुना भाग. दुसरं एक विद्यालय होतं किल्ल्याच्या पलीकडे हजीऱ्याला. ते चालवायचे सुभेदार काका. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या घोडदळातून इकडे आलेले, स्वतः फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त, आणि तबला असा वाजवत की डग्ग्यालाही सलाम ठोकावासा वाटे. त्यांच्या शेजारची बिर्लानगरची गिरणी बंद पडली, तिथली मुलं पांगली आणि त्यांचे वर्ग रिकामे झाले. आमच्याकडे मुलं होती पण शिकवणारे म्हातारे होत चालले होते. छत्तीसगड वेगळं होऊन काही वर्षं झाली होती. सगळं जग तुटत असताना आपण दोघांनी एक व्हावं, असा विचार कुणाच्या तरी डोक्यात आला आणि विलीनीकरण झालं. मी तेव्हा कचेरीत बसत असे, त्यामुळे त्याचे सगळे चटके मला बसले.

सर म्हणत, की मी तीन विलीनीकरणं पाहिली. रियासत मध्य भारतात गेली ते पहिलं, मध्य भारत मध्य प्रदेशात गेलं ते दुसरं, आणि हे तिसरं. पहिल्या दोनांत माणसं जरा समजूतदार होती. आमच्याकडे नावावरून बैठका झाल्या, तानपुऱ्यांच्या गवसण्यांच्या रंगावरून झाल्या, आणि एका भल्या माणसानं संगणक दान दिला तेव्हा तर युद्धच पेटलं.

सरांना त्यावर लिनक्स हवं होतं. मासिकाबरोबर त्याची फुकट तबकडी आली होती आणि ती घालून बघितल्यापासून सर दुसरं बोलत नसत. सुभेदार काकांना विंडोज हवं होतं, कारण पुतण्यानं त्यांना तेच शिकवलं होतं आणि या वयात मी दुसरी कवायत शिकणार नाही, असं त्यांनी बजावलं. शेवटी तडजोड निघाली. एकाच संगणकाची दोन घरं करायची. सकाळी सरांचं लिनक्स, संध्याकाळी काकांचं विंडोज, चालू करताना जो तो आपलं घर निवडेल. आणि मध्ये एक सामायिक खोली, जिथे दोघांनी आपापली ध्वनिमुद्रणं ठेवायची. काका तिला 'साझा कमरा' म्हणत. सभेनं टाळ्या वाजवल्या. सर तेवढे म्हणाले, की अशी तडजोड मी पूर्वी पाहिली आहे, तिनं बाग खाल्ली होती.

बागेची गोष्ट सरांच्या वडिलांची. मध्य भारत नावाचं राज्य आता नकाशात शोधून सापडायचं नाही, पण ते होतं तेव्हा ग्वाल्हेरची आणि इंदूरची माणसं राजधानीवरून हट्टाला पेटली होती. तोड अशी निघाली, की थंडीत राजधानी ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. सरांचे वडील तिथे कारकून. दप्तराबरोबर त्यांची वरात इकडून तिकडे जायची. एका वर्षी एका सरकारी बागेत मुख्य माळी नेमायचा हुकूम त्यांनी अर्धा लिहिला आणि विषमज्वरानं आडवे झाले. दप्तर इंदूरला गेलं, हे उन्हाळाभर ग्वाल्हेरला अंथरुणात. इंदूरला कुणी तरी दुसऱ्याच माळ्याला नेमून टाकलं. थंडीत दप्तर परत आलं, वडील बरे होऊन कामावर गेले, खण उघडला, अर्धा हुकूम तसाच होता. त्यांनी तो पुढे लिहून पुरा केला आणि साहेबाची सही घेतली. मग काय, एका बागेत दोन मुख्य माळी. एकानं लावलेली गुलाबाची कलमं दुसरा उपटायचा आणि तिथे गोभी लावायचा. हिवाळाभर हे चाललं. वडील मुलाला सांगत, की माझ्या लिहिण्यात एक अक्षर चुकलं नव्हतं. मी उठल्यावर कुणाला विचारलं नाही, तिथे घात झाला.

ही गोष्ट ऐकल्यावर सरांचा एकेक विक्षिप्तपणा उलगडू लागतो. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं : "झोपण्यात धोका नाही. झोपलेला उठतो, खरा धोका तो." मेलेला माणूस कुणाचं काही बिघडवत नाही, असं ते म्हणत. जो झोपून उठतो त्याला वाटतं, जग आपण सोडलं तिथेच उभं आहे. त्यांचे एक चुलतभाऊ होते, त्यांच्यासाठी रियासत अजून चालू होती. सवारीच्या टेंपोवाल्याला ते दरबारी थाटात हुकूम सोडत आणि टेंपोवाला त्यांना भलत्याच चौकात उतरवून देई. ते पायी येत. सर म्हणत, बघा, उठल्यावर विचारलं नाही.

त्या काळी आमच्याकडे बत्ती जायची, म्हणजे खरं तर कधी मधी यायची. संगणकाला बॅटरीचा डबा जोडलेला होता, तो जेमतेम काही मिनिटं दम धरायचा आणि तेवढ्यात पोपटासारखा ओरडायचा. म्हणून सरांनी यंत्राला झोपायला शिकवलं. बत्ती गेली की यंत्र आपल्या डोक्यात जे काही चाललं आहे ते सगळं डिस्कवर उतरवून ठेवी आणि विझून जाई. बत्ती आली की होतं तिथून पुढे सुरू. पण झोपण्याआधी निरवानिरव ही हवीच. सर काळ्या पडद्यावर 'सिंक' असा हुकूम लिहीत, तोही तीनदा. तीनदा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पहिला सांगण्यासाठी, दुसरा ऐकू आला का बघण्यासाठी, तिसरा माझ्या समाधानासाठी." आचमन करणाऱ्याला आपण असलं काही विचारत नाही, मग मला का विचारता, असंही वर ऐकवलं.

त्याचा अर्थ त्यांनी मला काकूंच्या फडताळावरून समजावला. जागेपणी काकूंच्या डोक्यात असतं, कुठल्या डब्यात काय आहे. डब्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम त्या सवडीनं करतात. यंत्राचं तसंच. चिठ्ठ्या लावायच्या आत बत्ती गेली तर घोटाळा, म्हणून सिंक : आधी सगळ्या चिठ्ठ्या लाव. पण त्याहून मोठा घोटाळा दुसरा. समजा काकू चिठ्ठ्या लावून झोपल्या, पण फडताळ उघडं ठेवून झोपल्या, आणि मधल्या वेळात त्यांच्या जाऊबाईंनी डबे हलवले. काकू उठतील आणि चिठ्ठ्या न वाचता, डोक्यातल्या जुन्या मांडणीनं फोडणीत साखर घालतील. म्हणून सामायिक फडताळ झोपण्यापूर्वी बंद करून कुलूप घालायचं. उठल्यावर पुन्हा उघडायचं, म्हणजे चिठ्ठ्या नव्यानं वाचल्या जातात. हे ऐकून काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, की माझ्या फडताळाला हात लावायची एकाही जाऊबाईची छाती नाही.

सामायिक खोलीत माईंचं गाणं होतं, म्हणून एवढी काळजी. माई ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा गाण्याचा आवाज गेला होता, नुसतं घोगरं बोलता यायचं. भर जवानीत त्यांच्या यजमानांनी घरी त्यांचं गाणं मोठ्या चकत्यांच्या टेपवर भरून ठेवलं होतं. सरांनी त्या चकत्या मागून आणल्या आणि संगणकात उतरवल्या. टेप इतक्या जुन्या, की वाजता वाजता त्यांचा तपकिरी भुगा खाली पडत होता. एकदा वाजल्या आणि संपल्या. माईंचा आवाज जगात आता त्या एका सामायिक खोलीत तेवढा होता. दुसरी नक्कल का केली नाही, असं कुणीही विचारील. नक्कल उतरवायचं यंत्र घ्यायचं ठरलं होतं, पण ते सकाळच्या घराचं असणार की संध्याकाळच्या, यावर एकमत व्हायचं होतं.

पौषातल्या एका सकाळी, धुकं काचांना चिकटलेलं असताना, सर अंगावर शाल आणि कानावर हेडफोन घेऊन बसले होते. त्यांच्या भाषेत ते 'टेपची खरखर साफ' करत होते. मी समोरच होते. खरखर साफ करणारा माणूस डोळे मिटून मान डोलावत नाही आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळत नाही. माईंची भैरवी चालली होती. बत्ती गेली, डबा ओरडू लागला, तरी सरांनी हेडफोन काढले नाहीत. पडदा काळा झाला तेव्हा सुस्कारा सोडून उठले आणि जेवायला घरी गेले. काळजीचं कारण नव्हतं. सिंक करणं, सामायिक खोली बंद करणं, मग झोपणं, हे सगळं बत्ती गेल्यावर आपोआप व्हावं अशी व्यवस्था त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली होती.

संध्याकाळी बत्ती आली. सुभेदार काकांनी आपलं घर उघडलं. सामायिक खोलीत बघतात तर माईंची गाणी नुसत्या आकड्यांनी ठेवलेली, आगा ना पीछा. काकांना बेशिस्त खपत नसे. त्यांनी रागवार कप्पे केले, गाणी नव्या नावांनी त्यांत हलवली आणि उरलेल्या जागी त्या दिवशीच्या आपल्या तबल्याच्या वर्गाचं ध्वनिमुद्रण ठेवून दिलं. सरांना खूश करायचं म्हणूनच केलं हो सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी आपलं झोपलेलं घर उठवलं. भैरवी जिथे थांबली होती तिथेच उभी होती. सर प्रसन्न. त्यांनी साफ केलेली गाणी एकेक करून जागच्या जागी ठेवली आणि पुन्हा हेडफोन चढवले. जरा वेळानं मला म्हणाले, "सुनंदाबाई, त्या तबल्याच्या वर्गाचं दार लावून घ्या. इथपर्यंत ऐकू येतंय." मी म्हटलं, सर, सकाळी तबल्याचा वर्ग नसतो. त्यांनी हेडफोन काढून कानोसा घेतला. मग हेडफोन माझ्या कानाला लावले. माई आलापीत वर वर जात होत्या, आता षड्ज लागणार, आणि तिथे एकदम धा तिरकिट धा, आणि वर्गातल्या पोरीला दटावणारा काकांचा खणखणीत आवाज : गुड्डी, हाथ सीधा रख.

मला हसू आलं, ते मी गिळलं, कारण सरांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी तीनदा काय, एकदाही सिंक केलं नाही. सरळ वाकून भिंतीतली पिन उपटली, बॅटरीच्या डब्याची वायर खेचली आणि खुर्चीत बसले. जो माणूस पंख्याचं बटणही विचारून बंद करायचा, त्यानं यंत्र असं ठार केलेलं मी पहिल्यांदा बघत होते. म्हणाले, "आता याला लिहू द्यायचं नाही. एक अक्षर लिहिलं की माई आणखी थोड्या पुसल्या."

झालं होतं ते असं. सामायिक खोली बंद करायचा हुकूम सुटला होता, पण तिच्यातलं गाणं वाजत असल्यामुळे खोली बंद व्हायला तयार नव्हती. आत माणूस बसलेला असताना दार कसं लागणार? आणि दार लागलं नाही तर काय करायचं, हे सरांनी यंत्राला सांगितलंच नव्हतं. ते तसंच, दार सताड उघडं ठेवून झोपलं. काकांनी डबे हलवले. सकाळी यंत्र उठलं, कुणाला काही विचारलं नाही आणि जुन्या मांडणीनं फोडणी घालत सुटलं. जगभराला निरवानिरव शिकवणाऱ्या माणसाचं एकच दार उघडं राहिलं, कारण ते गाणं त्यांना बंद करवेना.

मी हजीऱ्याला फोन लावला. सुभेदार काका धापा टाकत आले आणि दारातूनच म्हणाले, "सर, मी काही बिगाडलं नाही, कसम से. सगळं बिखरलेलं होतं, मी तर फक्त जमवून दिलं."

मला वाटलं, आता विलीनीकरण मोडलं. पण सर म्हणाले, "तुम्ही जागे होतात, सुभेदार. तुमची काही चूक नाही. झोपलेला मी होतो."

काकांनी आयुष्यात बऱ्याच लढाया ऐकल्या-पाहिल्या असतील, पण शत्रूनं अशी तलवार खाली ठेवलेली त्यांना ठाऊक नसावी. पगडी काढावी तसा मफलर काढून ते म्हणाले, की चला, काय करायचं ते सांगा.

सरांनी यंत्राची ती झोप पुसून टाकली, म्हणजे ते पुन्हा जुनी आठवण घेऊन उठणार नाही. मग नव्यानं चालू करून, सामायिक खोलीला न लिहिता नुसतं वाचून, जे सापडलं ते एका उसन्या डिस्कवर काढलं. ते नुसते तुकडे होते. नावं नाहीत, क्रम नाही. दोघं म्हातारे शेजारी शेजारी बसले, एका हेडफोनचा एकेक कान वाटून घेतला आणि तुकडे ओळखू लागले. सर डोळे मिटून सांगत, ही माईंची केदारातली तान, हिच्यामागे खोकला आहे तो त्यांच्या यजमानांचा. काका सांगत, "ये गुड्डी का हाथ है, डावा दबून राहिलाय." त्यांचा तो पहारा मकरसंक्रांत ओलांडून गेला. कुणी कुणाच्या वेळेत बसलं आहे, सकाळ कुणाची आणि संध्याकाळ कुणाची, हे कुणी विचारेनासं झालं. मी तिळगूळ नेऊन दिला तर दोघांनी एकाच वेळी बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं. विद्यालयाचं खरं विलीनीकरण त्या आठवड्यांत झालं, आणि त्याला कुठल्या सभेची मंजुरी नव्हती.

जवळजवळ सगळं गाणं परत आलं. भैरवीचा मधला तुकडा मात्र गेला. तिथे गुड्डी कायमची बसली होती.

माईंना सांगणं भाग होतं. मी म्हटलं, कशाला सांगता, त्या कुठे तपासायला येणार आहेत? सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पायांत चपला सरकवल्या. आम्ही तिघं फूलबागेच्या बाजूला माईंच्या घरी गेलो, टेंपोत मांडीवर स्पीकर घेऊन. सर पाया पडले आणि बसायच्या आधी म्हणाले, "माई, तुमची भैरवी माझ्या हातून फाटली." मग वाजवली. माई भिंतीला टेकून ऐकत होत्या. आपलाच तरुण आवाज वर चढत असलेला, बोटं मांडीवर चालत होती. षड्जाच्या उंबऱ्यावर तबला आला, काकांचा आवाज आला. काका शरमेनं शालीत शिरले. सर जमिनीकडे बघत होते. मग पुन्हा माईंचा आवाज, शेवटचा सूर, आणि थांबलं.

माई हसत होत्या. घोगऱ्या गळ्यानं हसणं म्हणजे खोकल्यासारखंच, त्यामुळे आधी आम्हाला कळलं नाही.

"अहो, मी भैरवी पुरी गायले आहे कधी?" त्या म्हणाल्या. "मधेच दूध उतून जायचं, नाही तर पोरगा पडायचा. पुरी एकदाच झाली, ते मशीन लावलं होतं म्हणून यांनी सगळ्यांना चूप बसवलं होतं. मला तर ती दुसऱ्याच कुणाची वाटायची. ही बघा, आता घरची झाली." मग म्हणाल्या, "आणि पोरीचा हात खरंच सरळ नाही, सुभेदार. लक्ष द्या."

सरांनी रुमाल काढला, चष्मा पुसला, मग डोळे. उतरत्या उन्हात आम्ही परत आलो. टेंपोत काका मधूनच स्वतःशी "डावा दबतो तिचा" असं म्हणत होते.

वार्षिक उत्सवात ती भैरवी तशीच वाजवली, माई पहिल्या रांगेत बसलेल्या असताना. काकांचा आवाज आल्यावर मांडव हसला आणि गुड्डी उठून उभी राहिली, शाळेत हजेरीला राहतात तशी. दुसऱ्याच दिवशी नक्कल उतरवायचं यंत्र आलं, बैठक न होता. सरांनी आपली व्यवस्था पुन्हा लिहिली. दार लागलं नाही तर झोपायचंच नाही, आणि बॅटरी संपली तर सरळ विझून जायचं. जुन्या डोक्यानं उठण्यापेक्षा मेलेलं बरं, तेवढं तर मी वडिलांकडून शिकायला हवं होतं, असं ते म्हणाले. त्यानंतर गाणं ऐकताना त्यांनी एक शिस्त पाळली. बॅटरीचा डबा ओरडला की, तान कुठेही असो, हेडफोन काढून ठेवत. चेहऱ्यावर दिसायचं किती जड जातंय ते.

आणखी काही वर्षांनी एका दुपारी ते घरी खुर्चीतच गेले. पेनाला टोपण, अडकित्ता डबीत, चष्मा घरात. काकूंना सांगितलं होतं, की गॅसचा नॉब मी बघितला आहे, दूध सावलीत आहे, सुनंदाबाईंचा फोन आला तर किल्ली खिळ्यावर आहे म्हणावं. चहाच्या वेळी काकू हाक मारायला गेल्या, तेव्हा कळलं. रोज इतकी निरवानिरव असायची, की त्यातली शेवटची कुठली हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मला त्यांचा फार राग आला. एवढा सगळ्याचा हिशेब ठेवणारा माणूस, त्यानं आम्हाला थोडं आधी सांगायला काय झालं होतं?

कचेरीत त्यांचा फोटो लावला, त्या लग्नपत्रिकेशेजारीच. तेरावा झाल्यावर सुभेदार काका एका सकाळी आले, चपला दाराशी काढल्या, फोटोसमोर ताठ उभे राहिले आणि बोलू लागले. सर, काल बत्ती दोन बार गेली. नवीन तानपुरा आला आहे, त्याची एक तार चढत नाही. पंखा मी उत्तरेच्या खिडकीकडे सरकवला आहे. एवढं सांगून वळले. मी विचारलं, काका, हे काय? तर म्हणाले, "बेटा, उद्या हा माणूस उठला तर? विचारल्याशिवाय उठणार तर नाहीच. मग सांगायला कोणी तर पाहिजे न."

त्यानंतर रोज सकाळी काकांची ही वर्दी चालू झाली. माई गेल्या तेव्हाही त्यांनी सांगितलं, फक्त त्या दिवशी जरा बसून सांगितलं. पुढे काकांचे गुडघे गेले, हजीऱ्याहून येणं होईना. तेव्हापासून हे काम माझ्याकडे आहे. मी नास्तिक बाई, फोटोशी बोलणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आले. पण कचेरी उघडली की आधी चपला काढते आणि काल काय काय बदललं ते सांगते. फी वाढली. साझा कमरा नव्या संगणकात नेला, दार लागतं. सकाळच्या घरातही आता संध्याकाळची माणसं बसतात. हजीऱ्याकडची गिरणीवाल्यांची चाळ पाडली.

गुड्डी आता आमच्याकडेच तबला शिकवते. काल तिच्या वर्गावरून जात होते, तर ती एका पोराला म्हणत होती, हाथ सीधा रख. आज सकाळी सरांना सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, एवढं एक बदललेलं नाही.